उसाच्या सरीत मोजून पाणी, मोजून खत

निरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पुणे जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागात ऊस उभा राहिला. कालव्याबरोबर आलेली संपन्नता डोळ्यांत भरण्याजोगी होती. तिच्या पाठोपाठ आलेले संकट मात्र जमिनीच्या पोटात वाढत होते, म्हणून ते उशिरा दिसले. काळ्या, भारी जमिनीत निचऱ्याच्या मानाने पाणी अधिक मुरत गेले, भूजलाची पातळी वर आली आणि काही वर्षांतच चांगल्या जमिनी चिबड होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या भागासाठी ‘ब्लॉक’ पद्धत आखली. ठराविक गटातील ठराविक भागातच ऊस घ्यावयाचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके फेरपालटाने घ्यावयाची आणि त्या प्रमाणात पाणी मंजूर करावयाचे, असे तिचे साधे सूत्र होते. पाणी कोणत्या पिकाला, किती क्षेत्राला आणि किती द्यावयाचे याचा हिशेब मांडण्याचा तो दख्खनच्या कालव्यांवरील एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

या घटनेला शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज त्याच बारामती परिसरात उसाच्या शेतात ओलावा मोजणारे विद्युत संवेदक रोवले जात आहेत आणि पिकाची छायाचित्रे उपग्रहाकडून येत आहेत. साधने बदलली असली तरी प्रश्न तोच आहे. दरम्यानच्या काळात कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांतही क्षारपड आणि चोपण जमिनींचा प्रश्न उग्र झाला. तेथे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करण्याची खर्चिक कामे हाती घ्यावी लागली. प्रमाणाबाहेर दिलेल्या पाण्याची किंमत शेतकऱ्याने अशा रीतीने दोनदा मोजली आहे, एकदा पाणी देताना आणि दुसऱ्यांदा ते काढताना.

‘काटेकोर शेती’ या नावाने जे तंत्र आता ओळखले जाते, त्याची उपयुक्तता या पार्श्वभूमीवर पाहणे इष्ट ठरेल. पिकाला हवे तेव्हा, हवे तेथे आणि हवे तेवढेच पाणी व खत देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. यंत्रांची चर्चा फार होते. पण मोजमापाची सवय नसेल तर महागडे यंत्रही पाटाच्या पाण्याइतकेच मोकाट ठरते.

वाफसा म्हणजे काय?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा शब्द मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात पूर्वापार आहे. तो म्हणजे वाफसा. जमिनीतील मोठ्या पोकळ्यांतील पाणी निचरून जाऊन तेथे हवा खेळू लागावी आणि बारीक पोकळ्यांत मात्र पाणी धरून ठेवलेले असावे, अशी ही स्थिती होय. मुळांना पाणी लागते, तसा प्राणवायूही लागतो. आणि हे दोन्ही एकाच वेळी केवळ वाफशावरच मिळतात.

पाटाने पाणी देताना एका पाळीत साधारणतः ८ ते १० सेंटिमीटर उंचीचे पाणी सरीत जाते. गुंठ्यामागे हा हिशेब ८ ते १० हजार लिटरचा होतो. पाणी दिल्यानंतर काही दिवस मुळे गुदमरलेली असतात, मग थोडे दिवस वाफसा लाभतो आणि पाळी लांबली की ताण पडतो. म्हणजे पंधरा दिवसांच्या पाळीत पिकाला मानवणारे दिवस निम्मेही नसतात. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारे धरणाऱ्या माणसाला सरीच्या शेवटापर्यंत पाणी पोहोचल्याखेरीज दार मोडता येत नाही. परिणामी सरीच्या वरच्या टोकाला गरजेच्या कितीतरी अधिक पाणी मुरते आणि शेवटच्या टोकाला जेमतेम पोहोचते. एकाच शेतात दोन टोकांचा ऊस वेगवेगळ्या उंचीचा दिसतो त्याचे एक कारण हेच आहे.

ठिबक पद्धतीत मुळांच्या कक्षेतील माती सतत वाफशाजवळ ठेवता येते. तिची खरी किमया येथे आहे. पाण्याची बचत हा त्याचा परिणाम होय. तथापि ठिबकचा संच बसविला म्हणजे पाणी मोजून दिले जाते असे मुळीच नाही. अनेक गावांत संच बसलेले आहेत आणि वीज आहे तोवर ते चालूच राहतात. कोणाचा चार तास, कोणाचा सहा तास. विचारणा केल्यास उत्तर मिळते, ‘शेजारी तेवढाच चालवतात.’

एका गुंठ्याचे गणित

किती वेळ संच चालवावा, हे ठरविण्यासाठी फार मोठ्या विद्येची आवश्यकता नाही. पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात आणि एक चौरस मीटर जागेवरील १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. गुंठा जवळजवळ १०० चौरस मीटरचा असल्याने गुंठ्यावरील १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर. एवढे लक्षात ठेवले की पुढील हिशेब सहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो.

हवामान केंद्रांवर बाष्पीभवन मोजण्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचे, २५ सेंटिमीटर खोलीचे उघडे धातूचे पात्र ठेवलेले असते. त्यातील पाणी दिवसाकाठी किती मिलिमीटरने उतरले हे रोज सकाळी पाहतात. उन्हाळ्यातील एखाद्या दिवशी ते ८ मिलिमीटरने उतरले असे समजू. उघड्या पात्रातून जेवढे पाणी उडते तेवढे हिरव्या रानातून उडत नाही, म्हणून त्यास साधारणतः ०.७ ने गुणावे, उत्तर ५.६ मिलिमीटर. आता पिकाच्या वाढीचा विचार करावयाचा. जोमदार वाढीच्या अवस्थेतील, रान झाकून टाकलेल्या उसासाठी पीक गुणांक सुमारे १.२५ धरतात. त्यावरून उसाची त्या दिवसाची गरज ७ मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला ७०० लिटर निघते. नुकत्याच उगवणाऱ्या उसासाठी हाच गुणांक ०.४ असतो आणि त्याच दिवशी त्याची गरज सव्वादोन मिलिमीटरहून अधिक नसते.

पुढचा भाग नळ्यांचा. दोन नळ्यांत दीड मीटर अंतर असेल, नळीवर दर ४० सेंटिमीटरला ताशी २ लिटर पाणी देणारा ड्रिपर असेल, तर प्रत्येक ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर क्षेत्र येते आणि तासाला ३.३ मिलिमीटर पाणी पडते. मोठ्या उसाला ७ मिलिमीटर देण्यासाठी दोन तास सहा मिनिटे लागतील. सर्व ड्रिपर सारखे चालत नाहीत म्हणून दहा टक्के वाढवून सुमारे दोन तास वीस मिनिटे धरावीत. कोवळ्या उसाला त्याच दिवशी पाऊण तास पुरेसा होतो. पाऊस झाला तर तेवढे मिलिमीटर वजा करावयाचे.

माध्यमिक शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आणि असे एक पात्र बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद फलकावर लिहवून घेणे अवघड नाही. गावातील ऊस उत्पादकास त्या फलकावरून आपल्या संचाचा वेळ ठरविता येईल. पात्राभोवती जाळी लावणे मात्र अगत्याचे आहे. अन्यथा शेळ्या, कुत्री आणि पक्षी जे पाणी पितात तेही बाष्पीभवनात जमा होते.

जमिनीलाच विचारणे

हवामानावरून काढलेला अंदाज बरोबर आहे की नाही, याचा पडताळा जमिनीत घ्यावा लागतो. त्यासाठी सर्वांत साधे उपकरण म्हणजे टेन्शिओमीटर. पाण्याने भरलेली एक नळी, तिच्या खालच्या टोकाला चिनी मातीची सच्छिद्र कुपी आणि वरच्या टोकाला निर्वात दाब दाखविणारी तबकडी, अशी त्याची रचना असते. माती कोरडी होऊ लागली की ती कुपीतून पाणी ओढते आणि तबकडीचा काटा पुढे सरकतो. वनस्पतीच्या मुळाला पाणी ओढण्यास जेवढे बळ लावावे लागते, जवळजवळ तेच हा काटा दाखवितो. काटा १० सेंटिबारच्या आत असेल तर रान अतिओले समजावे. साधारण १० ते ३० च्या दरम्यान वाफसा असतो. ८० च्या आसपास गेल्यावर कुपीत हवा शिरून उपकरण निकामी होते. परंतु ठिबकखालील उसाला तोवर ताण पडू देण्याचे कारणच नाही.

विद्युत संवेदक यापुढची पायरी आहेत. मातीतील ओलाव्यानुसार तिचे विद्युत गुणधर्म बदलतात, ते मोजून हे संवेदक ओलाव्याचा आकडा दूरध्वनीच्या जाळ्यामार्फत शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवितात. एक संवेदक २० ते ३० सेंटिमीटरवर आणि दुसरा ४५ ते ६० सेंटिमीटरवर बसविल्यास एक मोलाची माहिती हाती येते. संच बंद केल्यावर खालचा संवेदक ओलावा वाढल्याचे दाखवू लागला, तर पाणी मुळांखाली निघून चालले आहे, हे निश्चित समजावे. काळ्या जमिनीत एक सावधगिरी आवश्यक आहे. ती वाळताना भेगाळते, भेगेत संवेदकाचा मातीशी संपर्क सुटतो आणि मोबाईलवर दिसणारा आकडा भलताच असू शकतो. फावड्याने माती उकरून मुठीत दाबून पाहण्याची जुनी परीक्षा म्हणून सोडून देऊ नये.

खत पाण्यातून

खताच्या बाबतीत मोजमापाचे महत्त्व पाण्याहूनही अधिक आहे, कारण पाणी वाहून गेले तर दिसते, नत्र गेलेले दिसत नाही. आडसाली उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी आहे. ४०० किलो नत्र युरियातून द्यावयाचे तर हेक्टरी ८७० किलो, म्हणजे एकरी सुमारे ३४८ किलो युरिया लागतो. ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या झाल्या. हे नत्र परंपरेने चार हप्त्यांत देतात आणि मोठ्या बांधणीच्या वेळी त्यातील ४० टक्के एकदम पडते. एकरी तीन गोण्या युरिया सरीत टाकून त्यावर पाटाचे पाणी सोडले म्हणजे काय होते, याची कल्पना करणे कठीण नाही. युरिया पाण्यात चटकन विरघळतो. त्यातील काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत जातो, तर नायट्रेट झालेला भाग पाण्याबरोबर मुळांखाली उतरतो. शेतात टाकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र पिकाला मिळत नाही, असे सर्वसाधारण अनुभवास येते.

खाली उतरलेले नायट्रेट अखेर गावच्याच विहिरीत येते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. ते उकळून जात नाही, साध्या गाळणीने निघत नाही आणि तान्ह्या मुलांना अधिक अपायकारक असते. ऊसपट्ट्यातील ग्रामपंचायतींनी पाण्याचे नमुने तपासताना जंतूंबरोबर नायट्रेटचा अहवालही आवर्जून पाहावा, तो यासाठी.

ठिबकमधून तोच युरिया आठवड्याच्या हप्त्यांनी देता येतो. समजा तो २६ आठवड्यांत वाटला, तर एकरी सरासरी साडेतेरा किलोचा हप्ता पडतो. प्रत्यक्षात तो कोवळ्या उसाला कमी, फुटव्यांच्या व कांड्या सुटण्याच्या काळात अधिक, असा ठेवतात. खत मुळांच्या कक्षेतच पडत असल्याने शिफारशीच्या मात्रेत कपात करता येते, परंतु ती माती परीक्षण पाहूनच करावी.

खत नळीत घेण्यासाठी बहुतेक ठिकाणी व्हेंचुरी वापरतात. नळीचा मधला भाग चिंचोळा केलेला असतो, तेथे पाण्याचा वेग वाढून दाब कमी होतो आणि शेजारच्या पिंपातील खताचे द्रावण आपोआप ओढले जाते. विज्ञान शिक्षकांना वर्गात सांगण्यास याहून चांगले उदाहरण शेतावर क्वचितच सापडेल. युरिया पाण्यात टाकताच बादली थंडगार पडते. हा दोष नव्हे, युरिया विरघळताना उष्णता शोषतो. क्रम असा ठेवावा: प्रथम संच नुसत्या पाण्यावर चालवून दाब स्थिर करावा, मधल्या वेळेत खत सोडावे आणि शेवटी नळ्या धुऊन निघतील इतका वेळ पुन्हा स्वच्छ पाणी द्यावे. खत सोडल्यावर संच फार वेळ चालविला तर तेच खत मुळांखाली ढकलले जाते. पाटाच्या पाण्याची चूक ठिबकने करण्याचा हा प्रकार वरचेवर आढळतो.

सर्वच खते नळीतून देण्यासारखी नसतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असते, ते पुरते विरघळत नाही. ते लागणीच्या वेळी जमिनीतच द्यावे. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटयुक्त खत एका पिंपात मिसळले की पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. विहिरीचे पाणी जड असेल तर हा धोका वाढतो. गाळण्यांची सफाई, वेळोवेळी आम्लप्रक्रिया आणि तोडणीनंतर पाचट न जाळणे, या गोष्टी संचाच्या आयुष्याशी निगडित आहेत. पाचटाला लावलेली काडी कित्येक संचांचा शेवट करते.

उपग्रह, संवेदक आणि बारामतीचा प्रयोग

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रह जोडीची छायाचित्रे साधारणतः दर पाच दिवसांनी मिळतात आणि ती विनामूल्य असतात. त्यातील एक ठिपका जमिनीवरील १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद क्षेत्र दाखवितो. हे क्षेत्र म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. पानांनी परावर्तित केलेल्या लाल व अवरक्त प्रकाशाच्या प्रमाणावरून पीक कोठे जोमदार आहे आणि कोठे मागे पडले आहे, हे गुंठ्यागुंठ्याने ओळखता येते. मागे का पडले, हे मात्र उपग्रह सांगत नाही. पाणी कमी झाले, नत्र कमी पडले की हुमणी लागली, हे शेतात उतरूनच पाहावे लागते. शिवाय ढगाळ पावसाळ्यात त्याची दृष्टी अनेकदा आठवडेच्या आठवडे बंद असते.

या छायाचित्रांची, जमिनीतील संवेदकांची आणि शेतावरील हवामान केंद्राची माहिती संगणकाने एकत्र करून शेतकऱ्याला रोजचा सल्ला देण्याचा प्रयोग बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसावर सुरू केला आहे. त्याकडे देशाबाहेरही लक्ष वेधले गेले. उत्पादनवाढीचे मोठे आकडे त्यासंबंधी सांगितले जातात. परंतु ऊस हे दीड वर्षापर्यंतचे पीक आहे आणि काही हंगामांचा, निरनिराळ्या जमिनींवरील अनुभव जमा झाल्यावरच त्यांचे यथार्थ मोल कळेल. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केल्याने अशा प्रयोगांना शासकीय चौकटही मिळाली आहे.

येथे एका जुन्याच साधनाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीमागे मातीचा एक नमुना घेण्याचे ठरले. राज्यातील सरासरी धारण क्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. म्हणजे एकाच नमुन्याचा अहवाल दोन-तीन खातेदारांच्या हाती पडू शकतो. गुंठ्यागुंठ्याचे पीक दाखविणाऱ्या उपग्रहाबरोबर हा अहवाल वापरावयाचा, तर ऊस उत्पादकाने आपल्या शेताचा स्वतंत्र नमुना तपासून घेणेच योग्य.

अडचण पाणी येण्याच्या पद्धतीत

ठिबक संचासाठी केंद्र पुरस्कृत योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचे पूरक अनुदान मिळून ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही टक्केवारी शासनाने ठरविलेल्या मापदंडावर असते, दुकानातील पावतीवर नव्हे, ही गोष्ट लाभार्थ्यांना आधीच समजावून सांगितली तर पुढील तक्रारी टळतील.

खर्चापेक्षा अवघड प्रश्न निराळा आहे. ठिबकला रोज थोडे पाणी हवे असते, कालव्याचे पाणी मात्र पाळीने, काही आठवड्यांच्या अंतराने आणि एकदम येते. मध्यंतरी साठवण नसेल तर कालव्यावरचा शेतकरी ठिबक बसवूनही पाटानेच पाणी देत राहतो. त्याला शेततळे किंवा विहीर लागते, आणि दोन-तीन एकराच्या धन्याला तळ्यासाठी दहा-पंधरा गुंठे सोडणे सोपे नसते. त्यातच पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जात असेल, तर कमी पाणी वापरणाऱ्याला पैशाचा लाभ काहीच होत नाही. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात अधिसूचित क्षेत्रातील बारमाही पिकांना ठिबक वा तुषार पद्धतीखेरीज कालव्याचे पाणी न देण्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्याचा निर्णयही घेतला. परंतु पाणी येण्याची आणि आकारणीची पद्धत तीच राहिली, तर निव्वळ बंधनाचा बांधावर फारसा प्रभाव पडणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. ठिबकने वाचलेले पाणी बहुधा धरणात राहत नाही. त्यावर त्याच शेतकऱ्याचा आणखी एक एकर ऊस उभा राहतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु कालव्याच्या शेपटाला असलेल्या ज्वारी-हरभऱ्याच्या गावाला अशा बचतीतून एक थेंबही मिळत नाही. विश्वेश्वरय्यांनी गटातील उसाचे क्षेत्रच निश्चित केले, त्यामागे हीच जाण होती.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचा अनुभव या संदर्भात विचारात घेण्यासारखा आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने तेथे १९९० नंतर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. संस्थेला पाणी घनमीटरने मोजून मिळते, पट्टीही त्याच मापाने भरावी लागते, आणि कोणते पीक घ्यावे याची मोकळीक सभासदाला असते. पाण्याचा कोटा ठरलेला असल्याने तेथील द्राक्षबागायतदारांना ठिबक घेण्यासाठी वेगळी सक्ती करावी लागली नाही. शेपटाच्या संस्थांना पाणी आधी, मुखाकडच्यांना नंतर, असा क्रमही तेथे घालून देण्यात आला. २००५ च्या सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाच्या अधिनियमाने हीच मोजून पाणी देण्याची पद्धत राज्यभर लागू करण्याचा मार्ग मोकळा केला आहे. त्यासाठी प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी प्रवाहमापक बांधलेला असावा, त्याची पट्टी वाचता यावी आणि पाटकरी व संस्थेचा प्रतिनिधी या दोघांनी मिळून पाळीच्या प्रत्येक दिवशी ती नोंदवहीत उतरवावी, एवढी तयारी लागते.